दुसरी प्रत दुसऱ्या घरात

"एकाच लॉटमधल्या दोन घेऊ नका."

मागून आलेला हा आवाज ऐकून तिने वळूनही पाहिलं नाही. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची चार दुकानं पालथी घालून तिला हव्या तशा दोन हार्ड डिस्क आत्ता कुठे मिळत होत्या, आणि हा कोण आगाऊ मध्येच नाक खुपसत होता.

"तुम्हाला विचारलं कुणी?"

"नाही..." आवाज ओशाळला, पण हटला नाही. "पण या दोघी एकत्र जन्मल्यात. बिघडायची वेळ आली, तर बहुतेक एकत्रच बिघडतील. मग दोन घेऊन काय उपयोग?"

आता मात्र तिने वळून पाहिलं. उंच, जरासा वाकलेला, एक भुवई दुसरीपेक्षा वर. हातात त्याच मापाच्या, वेगळ्या कंपनीच्या दोन डिस्क. त्यांचे नंबरही एकापाठोपाठचे होते. तिने तिथे बोट ठेवलं, तसा तो कानापर्यंत लाल झाला.

"बिल केल्यावर लक्षात आलं माझ्या," तो म्हणाला. "एकेक... बदलून घ्यायची का?"

दुकानदाराने बजावलं, फाडलेली बिलं बदलणार नाहीत, आणि बिल ज्याच्या नावावर त्याचीच वॉरंटी. तेव्हा फोन नंबर देणं भागच पडलं. निव्वळ वॉरंटीसाठी, असं तिने स्वतःला घरी पोचेपर्यंत तीनदा सांगितलं.

तिचं काम शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढण्याचं. तिची आई कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. दरवर्षी वर्गातल्या प्रत्येक मुलाकडून खुणांच्या भाषेत एक गोष्ट सांगून घ्यायची आणि ती कॅमेऱ्यात टिपून ठेवायची, असा तिचा शिरस्ता. निवृत्तीनंतर लेकीने खपून त्या साऱ्या टेप कॉम्प्युटरवर उतरवल्या, आणि एका सकाळी एक डिस्क कायमची गप्प झाली. कितीतरी गोष्टी गेल्या. मूळ टेपना तोवर बुरशी लागली होती. आई नुसती टेपच्या रिकाम्या डब्या पुसत बसली. तिचे ते हात बघून लेकीने मनाशी गाठ मारली, की यापुढे एकही गोष्ट जाऊ द्यायची नाही.

परगावच्या दादाने तिला वेड्यात काढलं. इंटरनेटवर जागा भाड्याने घे आणि मोकळी हो, असं त्याचं म्हणणं. पण त्या मुलांचे चेहरे त्यांच्या आईवडिलांनी आईच्या भरवशावर दिले होते, कुठल्या परक्या कंपनीच्या नाही. सर्व्हर, म्हणजे या गोष्टी साठवणारी पेटी, घरातच राहणार आणि तो ती स्वतः उभा करणार, असं तिने सांगून टाकलं.

दुकानात भेटलेल्या त्या उंच माणसाचा पहिला फोन खरोखरच वॉरंटीचा होता. दुसरा पेटीच्या कॅबिनेटचा. तिसऱ्याला कारण सापडेना, तेव्हा त्याने हवापाण्याची चौकशी केली. तो दातांचा डॉक्टर निघाला. पेशंटचे एक्स-रे ठेवायला त्यालाही असाच सर्व्हर बांधायचा होता. मग खरेदी जोडीने होऊ लागली आणि वादही. त्याला सगळं दणकट आणि मोठं हवं. तिचा हट्ट एकच, पेटी आईच्या पलंगाशेजारी राहणार, तेव्हा पंखा हळू फिरला पाहिजे आणि प्रोसेसर कमी तापला पाहिजे. तिथे ती तसूभरही मागे सरली नाही. मेमरीच्या बाबतीत मात्र तो अडून बसला.

"ही घे. हिच्यात काही चुकलं तर ती आपली आपण दुरुस्त करते."

"माणसांत मिळते का अशी?"

"शोधतोय," तो म्हणाला आणि उगाचच खोक्यावरची बारीक अक्षरं वाचू लागला. तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

सर्व्हर उभा राहिला. दोन्ही डिस्क एकमेकींचा आरसा, एकीवर जे लिहावं ते दुसरीवर आपोआप. ती निर्धास्त झाली, आणि तिथेच फसली. दोनदा उतरलेल्या फाइली निवडून काढताना तिने एक अख्खा वर्ग पुसला. आरशाने इमानेइतबारे तो दोन्हीकडून पुसला.

तिने फोन केला. तो ॲप्रनवरच धावत आला. सुदैवाने वाचलेल्या गोष्टी आधी जिच्यावर होत्या, ती दुसरी जुनी, कुरकुरणारी डिस्क तिने अजून भंगारात दिली नव्हती. दोघं त्या डिस्कसमोर बसले. एकेक गोष्ट परत येत होती, आणि त्याचा हात तिच्या हातावर कधी आला ते तिला कळलं. तिने तो हलू दिला नाही.

"आरसा म्हणजे बॅकअप नव्हे," तो हळूच म्हणाला. "दुसरी प्रत दुसऱ्या घरात हवी."

"दुसरं घर कुठून आणू?"

"माझं आहे की..."

तेव्हापासून मुलांच्या गोष्टी कुलूपबंद होऊन त्याच्या घरी जाऊ लागल्या, आणि त्याच्या पेशंटच्या दाढा तिच्या घरी येऊ लागल्या. रोज सकाळी त्याचा मेसेज यायचा, 'प्रत पोचली.' मशीन ते आपणहून कळवू शकत होतं. तरी तो स्वतः लिहायचा, आणि ती चहा निवेपर्यंत त्या दोन शब्दांकडे बघत राहायची. आपण याच्या प्रेमात पडलोय, हे तिला स्वच्छ कळत होतं. पण आईला एकटं टाकून ती कुठेही जाणार नव्हती. त्याच एका अटीवर याआधीचं स्थळ मोडलं होतं. म्हणून ती गप्प राहिली.

एका दुपारी तो आला तो बसलाच नाही.

"ही व्यवस्था आता चालणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"म्हणजे बघ... समजा, आपण दोघं एका घरात राहायला लागलो, तर दोन्ही प्रती एकाच छताखाली येतील. मग बॅकअप कसला?"

तिला अर्थ कळायला वेळ लागला. कळला, तेव्हा आनंद झाला आणि लगेच आई आठवली. आत्ताच बोलायचं, तिने ठरवलं.

"हिशेब चुकला तुझा. पेटी आईची आहे. ती आईजवळच राहणार. आणि मीही..."

"चुकला नाही," तो मध्येच म्हणाला. "मी काकूंना धरूनच मोजलंय. त्या येणार म्हणजे पेटी येणारच ना? जिन्यालगतची खोली त्यांना चालेल, तिथे ऊन येतं. अडचण एवढीच आहे, की दुसऱ्या प्रतीला एक तिसरं घर लागेल..."

तिला हसू आवरेना आणि डोळे भरून यायचे थांबेनात.

"हो," ती म्हणाली.

"अजून विचारलं कुठे मी?"

"मग विचार. उत्तर तयार आहे."