खमंगची आमटी आणि आत्याचा वाढपी

आमटीचं गुळवणी कसं होतं? सांगा बघू! चंद्रावरच्या आमच्या चांदवाडीत परवा दुपारी हाच प्रश्न पडला होता. पहिला भुरका मारताच पेंडसेकाका ओरडले, "अरे, ही आमटी आहे का काय आहे?"

आमटी केली होती खमंगने. खमंग म्हणजे आमचा स्वयंपाकी यंत्रमानव. मला तो सख्ख्या भावापेक्षा जवळचा! भाऊ माझ्या वाटणीचा लाडू खातो, खमंग तो माझ्यासाठी लपवून ठेवतो.

चांदवाडीचे प्रमुख वानखेडेकाका उठून उभे राहिले. "उद्या वसाहतीचा वाढदिवस. उद्याही असंच झालं, तर खमंग अडगळीच्या खोलीत आणि आपण नळीतल्या जेवणावर. ठरलं!"

मी ताडकन उभी राहिले. "काका, त्याची काय चूक? पाककृतीत लिहिलंय तेवढंच तो घालतो!"

"मग पाककृती बिघडवली कुणी?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "मी आपला गुळाचा एक खडा वाढवला फक्त," भोसलेकाकू पुटपुटल्या. "मीसुद्धा एकच," पेंडसेकाका म्हणाले. एकेका खड्याने एवढं गोड होतं होय? मी खमंगचा हात धरला आणि तडक मधुआत्याकडे निघाले.

मधुआत्या माझ्या बाबांची बहीण, संगणकशास्त्रज्ञ. तिची प्रयोगशाळा वसाहतीच्या पार टोकाला. तिथे जायचं तर अंतराळवेश (हवा भरलेला जाडजूड पोशाख) चढवावा लागतो. पोचल्यावर मी टोप काढला आणि भोकाड पसरलं.

"आधी नाक पूस, शलाका," आत्या म्हणाली. "मूळ पाककृती माझ्या रिपॉझिटरीत (बदलांच्या कोठारात) सुखरूप आहे. या कोठारात नुसती पाककृती राहत नाही. कुणी, कधी, काय आणि का बदललं, तेही राहतं. नवी आवृत्ती (बदललेली प्रत) आली तरी जुनी पुसली जात नाही."

"मग लोकांनी आपले बदल इथे का नाही लिहिले?"

"खडाभर गुळासाठी एवढा जामानिमा करून इथवर कोण तडमडणार? सगळ्यांनी परस्पर खमंगच्या पाठीत पेनड्राइव्ह खुपसले!"

"ते सगळे मी जपून ठेवलेत," खमंग म्हणाला. "मिसळणाच्या डब्यात, मोहरीशेजारी."

मग आम्ही एकेक पेनड्राइव्ह मूळ पाककृतीशी ताडून पाहिला आणि प्रत्येक बदल, त्यात लिहिलेल्या नाव आणि कारणासकट, कोठारात नोंदवला. चंद्रावरच्या कुंडीतली चिंच भलतीच आंबट, म्हणून आमटी सगळ्यांनाच आंबट लागली होती. कुणी फोडणीत गूळ वाढवला, कुणी डाळीत, कुणी उकळी आल्यावर. दुसऱ्याने आधीच घातलाय, हे एकालाही दिसलं नव्हतं.

"हे त्यांना घरबसल्या दिसलं असतं तर?" मी विचारलं.

"आत्ता बोललीस! शलाके, पंगतीत आपण उठून पातेल्यात हात घालतो का? नाही. आपण 'मठ्ठा' म्हणतो आणि वाढपी मठ्ठा आणतो. तसंच इथे. घरच्या पडद्यावरून तू पान मागायचंस आणि वेब-सर्व्हरने (मागेल ते पान आणून देणाऱ्या प्रोग्रामने) ते कोठारातून आणून वाढायचं."

"त्याला केवढं मोठं यंत्र लागेल!"

आत्याने साबणाच्या वडीएवढा जुना संगणक काढला. मी खो खो हसले. "हा? हा तर मेथीला पाणी घालायचा!"

"हसू नकोस. आपल्या एवढ्याशा पंगतीला वाढप्यांची फौज कशाला? मागितलं की वाढायचं, एवढंच काम. त्याला हलका सर्व्हर पुरतो."

"पण उद्या पुन्हा कुणी गूळ टाकला तर?"

"वाचायला सगळ्यांना मुभा. बदलायचं असेल तर नाव, परवलीचा शब्द आणि कारण द्यायचं. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली, तर कोठार अडवतं. म्हणतं, आधी तुमचं ठरवा! आणि खमंग, तू यापुढे फक्त कोठारातली ताजी आवृत्ती घ्यायची."

खमंगने पाठीचं झाकण खटकन लावून टाकलं.

संध्याकाळी सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर आमटीचं पान उघडलं आणि एकच हशा पिकला. "अगंबाई, माझ्याआधी तिघांनी घातलाय!" भोसलेकाकूंनी कपाळावर हात मारला. सगळ्यात शेवटची नोंद मी मोठ्याने वाचली, "बदल करणारे, वानखेडे. उतरवताना मूठभर गूळ. कारण, पोरांना आवडतो."

वानखेडेकाकांनी जीभ चावली. "मला काय ठाऊक, आधीच एवढा पडलाय ते!" मग ते स्वतःच पुढे आले आणि सगळ्यांच्या देखत आपली ओळ काढून टाकली. बाकीच्यांनीही आपापल्या काढल्या. चिंच थोडी कमी करायची, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि कारणासकट लिहिलं.

वाढदिवसाची आमटी अशी झाली की विचारू नका! वानखेडेकाका पुन्हा पुन्हा वाटी पुढे करत होते. "खमंग, अजून वाढ रे."

"हो काका," खमंग नम्रपणे म्हणाला, "इथेच वाढू, की अडगळीच्या खोलीत आणून देऊ?"

सगळ्यात जोरात काकाच हसले. खमंग आता कुठे जात नव्हता, आणि मला इतका आनंद झाला होता की मी त्याला तेलकट हातांनीच मिठी मारली.

आज सकाळी आत्याच्या छोट्या सर्व्हरवर एक नवी मागणी दिसली. मंगळाकडे निघालेल्या यानातून कुणीतरी आमची आमटी मागितली होती. खाली एक विनंती होती, "आमच्याकडची चिंच संपली. आमसूल चालेल का?"

खमंगने माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर लिहिलं, "चालेल की! पण नाव लिहा, कारण लिहा, आणि गूळ घालण्याआधी कुणी घातलाय का ते बघा!"