आल्टयेची सुट्टी

"शी! मिट ते तोंड!"

आल्टयेचा रुमाल टेबलावर आपटला... ताकातल्या लापशीची आणि लाळेची एक लांबलचक तार नवऱ्याच्या, वीबेच्या हनुवटीवरून धुतलेल्या सदऱ्यावर उतरत होती, आणि तो दगडी चेहऱ्याने नुसता बघत होता!

काल संध्याकाळपासून त्याच्या गोळ्या बंद होत्या. पार्किन्सनने मेंदूतले पांढरे तंतू कसे झिजतात याच्या तसबिरी काढायच्या, तर औषधाचा पडदा नको, हा ग्रोनिंगन शहरातल्या इस्पितळातल्या संशोधकांचा नियम. आणि हा दरवर्षी आपणहून नाव द्यायचा! तिथल्या पोरी 'आमचे शूर वीबे' म्हणायच्या. शूराच्या ओल्या विजारी मात्र आल्टयेने धुवायच्या. तिरस्काराने तिचं अंतःकरण आंबून गेलं होतं. वृद्धाश्रमात तिने त्याचं नाव घातलं होतं. आज परतताना सांगणार होती.

"दरवेळी बाहेरच बसता," इस्पितळात पोचल्यावर संशोधक मिर्थे तिला म्हणाली, "आज आत या ना, माझ्यापाशी."

काचेपलीकडे वीबे तसबिरी काढायच्या यंत्राच्या नळीत होता. पडद्यावर त्याचा मेंदू चिरलेल्या फ्लॉवरसारखा दिसत होता. आतूनही ओंगळच, आल्टयेच्या मनात आलं.

मिर्थेने बटण दाबलं. "वीबे, फार हलताय. थांबवू या?"

"नको गं!" नळीतून बोबडा, चिकट आवाज आला. "बाहेर माझी बायको निवांत कॉफी पीत असेल... पिऊ दे. वर्षातून एक दिवस माझी लाळ दुसरं कुणी पुसतं. म्हणून तर नाव देतो मी!"

मिर्थे घाईने त्याला सावध करायला गेली. आल्टयेने तिचा हात घट्ट धरला.

"तिला किळस येते माझी. मलाही येते. पण मला माझ्यापासून पळता येत नाही... आणि ती, पळता येत असून, पळत नाही."

हे सारं त्या दगडी चेहऱ्याआड होतं?

तो बाहेर आला तेव्हा नर्सच्या आधी तीच पुढे झाली. हनुवटी तिने उघड्या तळव्यानेच पुसली.

"कॉफी झाली?"

"नाही. आत बसले होते. ऐकलं सगळं."

तिने त्याच्या खांद्यांवर कोट चढवला.

"आश्रमात नाव घातलंय तुझं."

"बरं केलंस," तो पुटपुटला.

"डोंबलाचं बरं! उद्या काढून टाकते."

"आल्टये... किळस?"

"येते की! मरेपर्यंत येणार," ती डोळे पुसत म्हणाली. "चल, हात दे."