एकशे अठ्ठाविसावं द्वार

दाबकक्षाच्या गोल खिडकीत अचानक धुकं दाटलं आणि इरावती गोडांबे पडद्याकडे धावली. आत धुकं म्हणजे दाब झपाट्याने उतरला. आणि आत होता दामोदर तांडेल, समुद्रतळावरच्या वसाहतीत महिनाभर राहून परतलेला पाणबुड्या. त्याचा दाब इतक्या संथपणे उतरवायचा होता, की त्याला पाच दिवस लोखंडी पिंपात काढावे लागले होते. घाई झाली, तर रक्तात विरघळलेला वायू बुडबुडे होऊन बाहेर पडतो आणि माणूस दगावतो. आता शेवटचे तीन तास उरले होते.

"हवा सोडणाऱ्या झडपेला ‘उघड’ म्हटलेलं कळतं, ‘बंद हो’ म्हटलेलं अधूनमधून कळतच नाही," ती म्हणाली. "संगणक तर दोन्ही आज्ञा बिनचूक देतोय."

"किती अंतराने?" रेगेसरांनी विचारलं. भालचंद्र रेगे या यंत्रणेची गाभाप्रणाली लिहिणारे. निवृत्त झाले तरी देवगडच्या धक्क्यावरची ही प्रयोगशाळा त्यांना सुटली नव्हती.

इरावतीने आकडे पाहिले. "जवळजवळ लागोपाठच. मधला थांबाच नाहीसा झालाय, सर!"

रेगेसरांचा चेहरा उतरला. "थांबा कसा घेतो, ठाऊक आहे ना? झडप मंद, संगणक चपळ. एक आज्ञा दिली की क्षणभर दम खायला हवा. त्या काळी चांगलं घड्याळ नव्हतं, म्हणून मी एक युक्ती केली. संगणकाला बाहेरची उपकरणं जोडायची द्वारं असतात, त्यातल्या एकशे अठ्ठाविसाव्या द्वाराला काहीच जोडलेलं नाही. तिथे टकटक करायची. उत्तराची वाट पाहून संगणक कंटाळतो आणि परत येतो. तो कंटाळण्याचा वेळ म्हणजेच आपला थांबा."

संगणकाच्या जगात तात्पुरत्या उपायांना मरण नसतं. ही युक्ती तीन पिढ्यांच्या यंत्रांतून सुखेनैव चालत आली होती. अट एकच. त्या दारामागे कुणी असता कामा नये.

"सर," इरावतीचा आवाज चिरकला, "परवा मी तिथे पेटी जोडली."

हेलियममिश्रित हवेत माणसाचा आवाज बदकासारखा होतो. दामोदरच्या चार वर्षांच्या मुलीला फोनवर तो ऐकून रडू फुटलं होतं. रेवतीने, दामोदरच्या बायकोने, फार अजीजीने सांगितलं, म्हणून इरावतीने आवाज सुधारणारी पेटी आत पाठवली. नकाशात एक द्वार रिकामं दिसलं, तिथे जोडून दिली. पेटी नवी आणि तत्पर होती. प्रत्येक टकटकीला ती ताबडतोब उत्तर देत होती. थांबायला संगणकाला कारणच उरलं नव्हतं.

प्रणाली बदलायची तर संगणक बंद करावा लागला असता, आणि तेवढा वेळ झडप मोकाट सुटली असती. पेटीची तार आतून, दामोदरच काढू शकत होता. इरावतीने ध्वनिक्षेपक ओढला.

"दामूदादा, नीट ऐका. तिकडून उत्तर गेलं की झडप बिथरते. म्हणून उत्तर जाता कामा नये. कितीही टकटक झाली तरी नाही. आत कुणी नाहीच, असं वाटलं पाहिजे. कळलं? आता पेटीची तार उपटा."

"कळला," दामोदरचा सुधारलेला आवाज आला. "उत्तर नाय म्हणजे नाय."

खट्ट आवाज झाला आणि संपर्क तुटला; फोनही आता त्याच पेटीतून जात होता. पडद्यावरची दाबाची रेघ दोनदा थरथरली आणि संथ उतरू लागली. इरावतीने डोळे मिटून श्वास सोडला.

पण मघाच्या हिसक्यांनी दामोदरचं काय झालं असेल? पाणबुड्यांची जुनी रीत होती: बाहेरून तीन ठोके, आतून दोन. रेगेसरांनी हातोडीने पिंपावर तीन ठोके दिले. उत्तर आलं नाही. पुन्हा दिले. तरीही नाही.

हळूहळू खिडकीतलं धुकं विरलं. बिछाना रिकामा होता. कुणीच दिसत नव्हतं.

"खाली कोसळलाय," रेगेसर म्हणाले. "दाब पुन्हा चढवायला हवा. आत्ता."

"हेलियम पुरेल?"

"चढवला की उतरवायला पुन्हा पाच दिवस. तेवढा नाही पुरणार. पण बेशुद्ध असेल तर तो तासाभरात जाईल."

म्हणजे तो बेशुद्ध असेल तर दाब न चढवणं त्याच्या जिवावर बेतणार होतं, आणि ठणठणीत असेल तर दाब चढवणं. इरावतीचा हात दाब चढवण्याच्या कळीवर गेला.

प्रयोगशाळेच्या दारात उभी असलेली रेवती पुढे आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "बाई, ह्यांका शेवटचा काय सांगितल्यात तुमी?"

इरावती सांगू लागली. "उत्तर जाता कामा नये. कितीही टकटक झाली तरी..." आणि ती थांबली. आपण हे पेटीबद्दल बोललो होतो. तो पेटी काढून मोकळा झाला होता आणि बाकीचा आदेश मात्र तसाच उरला होता.

"सांगितलेला ते कधी मोडूचे नाय," रेवती म्हणाली. आता ती रडत होती.

इरावतीने हात मागे घेतला.

"गोडांबे, वेडी झालीस?" रेगेसर ओरडले. "अंदाजावर माणूस मारशील!"

"थांबायचं, सर." तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

त्या तीन तासांत कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. रेगेसरांनी अधूनमधून ठोके दिले, प्रत्येक वेळी अधिक जोरात. आतून काहीच आलं नाही. दाबाची रेघ शून्याला टेकली आणि दाराची चक्रं फिरली.

खिडकीखालच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन दामोदर तांडेल बसला होता. घामाने निथळत होता. दोन्ही हातांनी त्याने स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं.

रेवतीकडे पाहून त्याने एक हात जरासा बाजूला केला.

"आता बोलूक हरकत नाय मां?"