सहाशे साठ सेकंदांचं गाणं

मालवणपुढच्या समुद्रात बावीस मीटर खोलीवर वसलेल्या तळवस्तीत माणसं होती सहाशे बारा, कर्णिका सहाशे चाळीस आणि वाहिन्या चोवीस. कर्णिका म्हणजे कानात बसणारं छोटं यंत्र; ते ऐकवतं, साठवत मात्र काही नाही. पाण्यातून रेडिओलहरी लांब जात नाहीत. ध्वनिलहरी जातात, पण त्यांत एका वेळी चोवीसच प्रवाह मावत. मग हवं तेव्हा हवं ते सगळ्यांना ऐकवायचं कसं?

त्यावरचा उपाय म्हणजे सांधणी. एकच गाणं कुणी सहाला मागितलं आणि दुसऱ्यानं सहा वाजून एक मिनिटानं, तर पहिल्याचं शेकडा पाच हळू चालवायचं, दुसऱ्याचं शेकडा पाच जलद. दहा मिनिटांत दोघं एकाच ओळीवर येतात आणि पुढे एकच वाहिनी पुरते. सूर ढळू दिला नाही, तर कानाला पत्ता लागत नाही.

हे सगळं सांभाळणाऱ्या वल्लरीसमोर शेवंती तांडेल ओल्या कपड्यांनीच येऊन उभी राहिली.

"माझो भाव दारात पडलो गो. हवा सोपली. वाचलो, पण अजून उठाक नाय."

शेवंती आणि तिचा भाऊ धरून बारा पाणबुडे शिंपल्यांच्या जाळ्या साफ करत. गढुळात घड्याळ दिसत नाही, हातही मोकळे नसतात. म्हणून पहिल्या पिढीपासूनचा रिवाज होता : अकरा मिनिटांचं गाणं संपलं की मागे फिरायचं. यंदा जाळ्या लांब सरकल्या होत्या. गाणं संपताच वळलं, तर परतेपर्यंत हिशेबानं जेमतेम पंचवीस सेकंदांची हवा शिल्लक राही.

वल्लरीनं नोंदी काढल्या. पाणबुडे रोज सहाला गाणं लावत आणि एका मिनिटानं शाळेची मुलं त्याच गाण्यावर कवायत सुरू करत. नऊ वर्षं हेच चाललं होतं.

"मुलांच्या गाण्याशी सांधताना तुमचं गाणं तीस सेकंद उशिरा संपतं, शेवंतीताई. सहाशे साठऐवजी सहाशे नव्वद."

"म्हणजे तुझ्या यंत्रान आमचे तीस सेकंद चोरल्यान?"

"उलट, जास्तीचे दिले."

"पाण्याखाली ताच चोरणा!"

वल्लरीनं त्याच दिवशी ते गाणं सांधणीतून बाहेर काढलं. सकाळी वीसेक जणांना वाहिनीसाठी थांबावं लागू लागलं. मुख्याध्यापक चिडून दोनदा येऊन गेले. ती बधली नाही.

चौथ्या दिवशी शेवंती परत आली.

"गाणा धावता गो तुझा. आमी ता बंदच केला. आता तोंडानच म्हणतव."

"अहो, आत्ताच तर ते बरोबर झालंय."

"माका शिकवू नको. आमचा गाणा कधी चुकूक नाय. उद्या भावाच्या जागी मीच जातंय."

वल्लरीनं मग शेवंतीसकट उरलेल्या अकराही पाणबुड्यांना कोरड्या खोलीत एकेक करून बोलावलं, कर्णिका काढायला लावली आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणायला सांगितलं. शेवंतीनं डोळे मिटून म्हटलं. म्हणताना तिची बोटं न दिसणारी जाळी साफ करत होती.

अकरा जणांची सरासरी सहाशे एकोणनव्वद सेकंद आली. शेवंतीला सहाशे ब्याण्णव लागले; हवा पुरायची तर सहाशे पंच्याऐंशीच्या आत वळायला हवं होतं.