गुरुवारी मासळी नसते

बाळकुमच्या दवाखान्यात त्या रविवारी एकुलता एक पेशंट आला, तोही खेकड्याने, चांगल्या मोठ्या चिंबोरीने, बोट धरलेला. मधुमेहाची मोफत तपासणी म्हणून बाहेर मोठा फलक, आत ओळीने खुर्च्या, आणि सकाळपासून चिटपाखरू नाही. डॉक्टर दक्षता रडकुंडीला आलेली.

"साखर तपासायचीय?" तिने आशेने विचारलं.

"नाही... बोट." दुसऱ्या हातातली पिशवी अजून वळवळत होती. "बाजारातल्या मासळीवाल्या मावशी नांगी बांधून देत होत्या. मीच म्हटलं, राहू दे, घाई आहे."

नाव ऋतुराज. राहायला लांब, कोपरला, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. पट्टी बांधता बांधता दक्षता बोलत सुटली. शिबिर पुन्हा ओस पडलं तर दवाखानाच बंद करू, असं ट्रस्टवाले म्हणत होते. इथल्या कोळणींच्या पायाच्या जखमा भरत नाहीत, साखर असणारच, पण फुकट असूनही कुणी फिरकत नाही.

"अडाणीपणा, दुसरं काय," ती म्हणाली.

"फुकट कुठे आहे?"

"एक पैसा घेत नाही मी."

"तुम्ही घेत नाही हो. पण रविवारी मासळीची पाटी सोडून इथे बसायचं म्हणजे आठवड्याचा धंदा बुडवायचा. या बाजारात सगळ्यात महाग तुमचंच दुकान आहे, डॉक्टर."

तिला राग आला, तो बरोबर बोलला म्हणून जास्तच. तिच्या घरी मासळी शिजत नाही. रविवारी सगळ्यांना सुट्टी, एवढंच डॉक्टरबाईंना ठाऊक.

"मग कधी ठेवू?"

"गुरुवारी. लोक मासे खात नाहीत, त्यातून मार्गशीर्ष लागतोय. मावशी घरीच असतील." तो पट्टीकडे बघत थांबला. "पण... मग रविवारी दवाखाना बंद?"

"मला नको का सुट्टी?"

"हवी ना," तो म्हणाला, पण चेहरा पडला.

गुरुवारी ती चिंबोरी विकणारी मासळीवाली हौसाबाई सगळ्यात पुढे, मागे तिच्या जावा, सुना, शेजारणी. खुर्च्या पुरेनात. हौसाबाईची साखर चांगलीच वाढलेली निघाली. ट्रस्टवाले बघून गेले आणि दवाखाना बंद करायची भाषा पुन्हा कुणी काढली नाही.

दुपारी ऋतुराज बोट दाखवायला आला. पुढच्या गुरुवारी बोट बरं झालेलं, तरी आला. त्याच्या पुढच्या गुरुवारी बाहेर खुर्च्या लावत होता.

पायाचं ड्रेसिंग करून घेताना हौसाबाई म्हणाली, "बाय, ह्यो मास्तर गुरुवारी कशाला येतो गं? आज तं मावरंच नाय."

दक्षताने पट्टी घाईघाईने बांधली. ती बाहेर आली.

"आज लेक्चर नाहीत?"

"आहेत. दुसऱ्याला दिली. बदल्यात त्याची शनिवारची मी घेतो."

"म्हणजे इथे येणं फुकट पडत नाही."

"नाही."

"गुरुवारी मासळी नसते, ऋतुराज. मग तू कशासाठी येतोस?"

ते 'तू' ऐकून मास्तरांच्या हातात खुर्ची तशीच राहिली.

"मासळी... कोपरलाही मिळते," तो हळूच म्हणाला. "चिंबोरीच्या आधीचं शिबिर ओस पडलं, तेव्हा तू दारात बसलेलीस. तेव्हापासून मी मासळीला बाळकुमला यायला लागलो. आवडतेस तू मला."

"आणि ती चिंबोरी?"

त्याने मान खाली घातली. आत हौसाबाई खुदकन हसली.

दक्षताही हसली, आणि डोळे मात्र भरून आले. "रविवारी येशील?"

"रविवारी दवाखाना बंद असतो ना."

"म्हणूनच ये," ती म्हणाली. "फक्त येताना मासळी आणू नकोस."