झोळीला झोल हवा

"तुटली," भक्कम शांतपणे म्हणाला आणि शाल्मलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

भक्कम म्हणजे कोयनेच्या खोऱ्यातल्या जंगल शिबिराचा तपासनीस यंत्रमानव. २०६२ साली जंगलात तंबू ठोकायला बंदी होती. जमीन मुंग्या-गांडुळांची, माणसांनी निजायचं दोन झाडांमध्ये, झोळीत. प्रत्येकाने बांधलेल्या झोळीत भक्कम त्या माणसाच्या वजनाइतकी वाळू ठेवी, आणि झोळी टिकली तरच त्याला डोंगरावर सोडी. शाल्मलीची जाड कापडाची झोळी घेतली, तर पाठपिशवी नको तितकी जड व्हायची. पातळ नायलॉनच्या झोळीची दोरी तर आत्ताच तुटली होती. म्हणजे बाकीचे धनेश पक्ष्यांची घरटी बघणार आणि ही पायथ्याशी बसणार!

"मी जाणारच!" ती फणकारली. "या दोरीवर लिहिलंय, माझ्या तिप्पट वजन पेलेल. मग तुटली कशी?"

"बांधलीस कशी?"

"पलंगासारखी, ताठ!"

भक्कमने पाण्याची बादली एका दोरीच्या मधोमध अडकवली. एक टोक शाल्मलीच्या हातात, दुसरं त्याच्या. दोघं एकमेकांजवळ उभी असताना बादली तिने सहज पेलली. भक्कम मागे सरकत गेला, दोरी आडवी होत गेली, तसे तिचे हात थरथरू लागले.

"अरे, बादली तर तेवढीच आहे!"

"पण ताण (दोरी दोन्हीकडून ओढली गेल्याने तिच्यात येणारं बल) वाढला. वजन तोलते ती फक्त वरच्या दिशेची ओढ. दोरी आडवी असली, की बरीचशी ओढ दोन झाडांना एकमेकांकडे खेचण्यात वाया जाते. तुझी दोरी आडव्या रेषेशी जेमतेम पाच अंशांचा कोन करत होती. ताण तुझ्या वजनाच्या जवळजवळ सहापट!"

"आणि तीस अंश केला तर?"

"प्रत्येक दोरीवर तुझ्या वजनाइतकाच."

शाल्मलीने तशीच दुसरी दोरी काढली आणि चांगला झोल देऊन झोळी बांधली. वाळू ठेवली. दोरी कुरकुरलीसुद्धा नाही. मग ती स्वतः आत शिरली, पण पाठीचं पार धनुष्य झालं. तिने हट्टाने कूस बदलली, जरा तिरकी झाली, आणि काय आश्चर्य! कापड पसरलं, पाठ सपाट झाली.

"उत्तीर्ण," भक्कम म्हणाला. "जा डोंगरावर!"

शाल्मलीने टुणकन उडी मारली. "चंद्रावर माझं वजन सहावा हिस्साच भरेल ना? तिथे याहूनही बारीक दोरी चालेल!"

"चालेल. पण बांधशील कशाला? तिथे झाडं कुठायत?"

"लावू की!" असं म्हणून तिने झोळी सोडून पाठपिशवीत कोंबली, पिशवी खांद्यावर टाकली आणि चढण धरली.