खांबाजवळची संयोगिता

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ऐकीव गोष्टींवर माझा विश्वास नाही.

ही गोष्ट ऐकीव नाही. ती माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत, माझ्यासमोर घडली. मागच्या डिसेंबरात, एका रविवारी, दिवेलागणीला.

जुन्या देवळांचे फोटो काढत फिरणं हा माझा छंद. त्या दिवशी मी आणि संयोगिता राजारामपुरीतून स्कूटरवर निघालो. बिद्रीच्या पुढं, उसातून जाणाऱ्या आडरस्त्यावर महादेवाचं एक दगडी देऊळ आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

अंगण झाडणाऱ्या अंबूबाईंनी आम्हाला पायरीवरच थांबवलं.

“फोटू काढा की. पर दारातनं आत कुणाला नावानं हाक मारू नगासा. आत जायाचं, हाताला धरायचं, भाईर आणायचं.”

का, असं मी विचारलं. आमच्यात तसंच हाय, एवढंच त्या म्हणाल्या.

“ताई, म्हणजे इथं तुझी हजेरी चालायची नाही बघ,” संयोगिता म्हणाली. तिचं तोंड कधी बंद नसायचं.

खांबांची उंची फोटोत कळावी म्हणून कुणीतरी मापाची काठी धरून उभं राहावं लागतं. ते काम नेहमी तिचं. आत अंधार होता. मी कॅमेरा दारात ट्रायपॉडवर लावला. अशा उजेडात शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं आणि तोवर समोरच्यानं अजिबात हलायचं नसतं.

शेवटचा फोटो. बॅटरी संपत आली होती, म्हणून स्क्रीन बंद ठेवला होता. शटर उघडलं आणि सवयीनं तोंडून निघून गेलं,

“संयोगिता, हलू नकोस.”

मागं अंगणातला झाडू थांबला...

“हो,” आतून उत्तर आलं.

खांबाकडून नाही. गाभाऱ्याच्या बाजूनं.

दगडी भिंतींत आवाज फिरतो, असं मी स्वतःला सांगितलं.

ती बाहेर आली. परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. चढावर स्कूटर सहज गेली...

मी एकटी असताना जाते, तशी.

घरी येऊन फोटो बघितले. आधीच्या सगळ्या फोटोंत संयोगिता काठी धरून उभी आहे.

शेवटच्या फोटोत खांब आहे. काठी आहे, सरळ उभी.

संयोगिता नाही.

ती हलली असती, तर काठीही हलली असती. काठीवरचे तांबडे-पांढरे पट्टे मात्र अगदी स्वच्छ उमटलेत.

तिला विचारलं, तर शांतपणे म्हणाली, “तूच नाव घेतलंस ना? म्हणून आले.”

तेव्हापासून मी तिच्यावर नजर ठेवून आहे. ती बँकेत जाते, जेवते, झोपते. पण आपणहून बोलत नाही. हाक मारली, की नाव पुरं व्हायच्या आत ओ देते. पोरीला आता पोच आली, म्हणून आई खूश आहे. लहानपणीच्या आठवणी विचारल्या, तर बरोबर सांगते...

पण फक्त मला माहीत असलेल्या.

शेवटी राहवेना. गेल्या रविवारी सकाळी, कुणाला न सांगता, एकटीच त्या देवळात गेले. अंबूबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी ओळखलं.

“येकट्याच आलासा?”

मी मान हलवली.

“त्या दिवशी बी येकट्याच गेलतासा की.”

मी आत गेले. खांबाजवळ कुणी नव्हतं. हात पुढं केला, गार दगड लागला. हाक मारायचा धीर झाला नाही.

घरी आले, तेव्हा संयोगिता माझा ट्रायपॉड पुसत बसली होती.

“पुढच्या रविवारी परत तिथं जाऊ,” ती म्हणाली. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच आपणहून बोलली. “या वेळी फोटो मी काढते. खांबाजवळ तू उभी राहा.”



उद्या रविवार आहे.